प्रश्नोत्तरे : चालू होतानाचा संदेश आणि नेहमीसारखा दिसणारा तरंग

प्रश्न : माझा जुना डिजिटल ऑसिलोस्कोप (विद्युतदाबातील बदल पडद्यावर तरंगाच्या रूपात दाखवणारे उपकरण) चालू केला की पॅनेलवरचे सर्व दिवे क्षणभर लागतात आणि कॅलिब्रेशन मेमरीची चाचणी अयशस्वी झाल्याचा संदेश येतो. एखादे बटण दाबले की संदेश जातो व तरंग नेहमीसारखा दिसतो. मग संदेशाकडे दुर्लक्ष केले तर चालेल का?

उत्तर : दिव्यांची काळजी नको, एखादा दिवा गेला असेल तर तो लक्षात यावा म्हणूनच ते सगळे एकदम लावले जातात. संदेशाकडे मात्र दुर्लक्ष करू नये.

चालू होताना प्रोसेसर सहसा आधी प्रोग्रॅम मेमरीतील सर्व बाइट्सची बेरीज करून ती साठवलेल्या बेरजेशी ताडून पाहतो. मग रॅममध्ये 01010101 आणि 10101010 असे उलटसुलट नमुने लिहून ते तसेच परत वाचता येतात का, हे तपासतो. कॅलिब्रेशनच्या स्थिरांकांचीही, म्हणजे मोजमाप अचूक ठेवण्यासाठी साठवलेल्या आकड्यांचीही, अशीच बेरीज पडताळली जाते. अनेक जुन्या उपकरणांत हे स्थिरांक सुमारे 3 व्होल्टच्या लिथियम सेलवर टिकणाऱ्या रॅममध्ये असतात. सेल उतरला की ते पुसले जातात, बेरीज जुळत नाही आणि बरीच उपकरणे ठोकळ मूल्ये घेऊन काम पुढे रेटतात. त्यामुळे तरंगाचा आकार बरोबर दिसतो, पण पडद्यावरचा 1 व्होल्ट खरोखर 1 व्होल्ट असेलच असे नाही.

तरीही लगेच सेलवर ठपका ठेवू नये. कोणती चाचणी फसली एवढेच संदेश सांगतो. कोणता भाग बिघडला, हे नाही. दर वेळी वेगळे किंवा परस्परांशी संबंध नसलेले संदेश येत असतील, तर आधी 5 व्होल्टचा पुरवठा आणि त्यातील रिपल (डीसी दाबात उरलेली चढउतार) मोजावा, कारण म्हातारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर अशा खोड्या हमखास करतात. (वीज बंद केल्यावरही पुरवठ्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये घातक विद्युतदाब राहू शकतो.) पुरवठा ठीक असेल, तर सर्व प्रोब (सिग्नल उपकरणापर्यंत आणणाऱ्या टोकदार तारा) काढून, उपकरण अर्धा तास तापू देऊन मेनूतील सविस्तर चाचणी चालवावी; इनपुटला सिग्नल जोडलेला असला तर ती विनाकारण फसू शकते.

दोष सेलचाच निघाला, तरी केवळ तो बदलून गेलेले स्थिरांक परत येत नाहीत. ज्यांच्या उपकरणावर अजून फक्त ‘बॅटरी कमी’ अशी सूचना येते, त्यांनी सेलला हात लावण्यापूर्वी मेमरीची प्रत काढून ठेवावी. तुमच्या बाबतीत ती वेळ बहुधा टळून गेली आहे, त्यामुळे सेल बदलल्यावर ज्ञात संदर्भ-व्होल्टेज देऊन कॅलिब्रेशन करून घ्यावे लागेल. त्यानंतर चाचणी उत्तीर्ण झाली, तरी प्रोब आणि इनपुटचा सॉकेट ती सहसा तपासत नाही. खात्रीच्या मल्टिमीटरने मोजलेला स्थिर डीसी दाब व्होल्ट प्रति विभागाच्या (पडद्यावरचा एक उभा चौकोन किती व्होल्टचा, हे ठरवणाऱ्या बटणाच्या) प्रत्येक टप्प्यावर देऊन पाहिलेला बरा.

तोवर वारंवारता आणि कालावधी मोजायला हरकत नाही. वेळेचे माप बहुधा क्वार्ट्झ क्रिस्टलवरून येते, पुसल्या गेलेल्या व्होल्टच्या स्थिरांकांवरून नव्हे.