शिकवायला कोण येणार?

अगं,

शाळेत लोककला शिकवण्याबद्दलचं तुझं टिपण दोनदा वाचलं. इयत्तावार तक्ता सुबक झालाय: पाचवीला वारली, सहावीला मधुबनी, सातवीला गोंड, आठवीला चित्रकथी. सगळ्या परंपरांना सारखे तास. खाली तूच लिहिलंयस, 'सर, काहीतरी खटकतंय.' खटकणारच. शिकवायला कोण येणार, हे अख्ख्या टिपणात कुठेच नाही.

आज वर्गात वारली म्हणजे तपकिरी कार्डशीट, पांढरा पोस्टर कलर, टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आणि वर गोल डोकं. वारल्यांच्या लग्नघरी सवाशिणी चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, काढतात तो गेरूच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठात काडी बुडवून. मधोमध पालघट देवी. आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी झाल्याशिवाय ते लग्न लागत नाही. यातलं किती कार्डशीटवर उतरणार, सांग बरं!

वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आपल्या शाळेत त्यांना ड्रॉइंग टीचर म्हणून मात्र घेता आलं नसतं, कारण त्याला ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका लागते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक कलावंत, कारागिरांना शिकवायला घ्या असं म्हटलंय. ते वाक्य पहिल्या पानावर घे आणि लगेच खाली रुपये लिही. तासाचं मानधन किती, एसटीचं भाडं किती, कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे खर्चाच्या कुठल्या खात्यातून.

रुपये का, ते सांगतो. डहाणूकडच्या दोघी बायांना मी शाळेत शिकवायला बोलावलं, तेव्हा मानधनाला शीर्षच सापडेना. अखेर व्हाउचरवर 'भिंत रंगकाम' असं लिहून पैसे निघाले. मुलांना शिकवलं त्यांनी, आणि कागदोपत्री त्या रंगारी! मी भांडलो. हट्टी ठरलो, पुढे सुपरवायझरपदही हुकलं. हुकू दे. आजही भांडेन.

बिगर-आदिवासी शिक्षकाने वारली शिकवावी का, हा तुझा दुसरा प्रश्न. शिकवू दे की! पण वर्गात शेजारी कोण उभं आहे आणि महिनाअखेर पैसे कोणाला मिळतात, ते आधी ठरव. बाकीच्या चर्चेला परिसंवाद आहेत.

तुझा जिल्हा सिंधुदुर्ग. कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत चित्रांच्या पोथ्या समोर धरून, गाऊन कथा सांगतात, तीच चित्रकथी. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. आणि तू त्यांना आठवीत टाकलंस, मधुबनी-गोंडच्याही मागे? मधुबनी-गोंडच्या त्या दोन ओळी सध्या खोड. या रविवारी पिंगुळीला जा, वर्षातून किती दिवस शाळेत येता येईल ते विचार, आणि मानधनाचा आकडा त्यांनाच सांगू दे. तो भरून टिपण पाठव. त्याआधी पाठवलंस तर मी वाचणार नाही.