उंच आईबापांसाठी प्रॅम: आधी शिंप्याचा टेप घ्या, मग दुकानात जा

तुम्ही विचारलंय की तुम्ही ६ फूट २, मिसेस ५ फूट ९, पहिलं बाळ येणारंय, तर कुठली प्रॅम घ्यावी म्हणजे पाठ धरणार नाही, आणि घरचे म्हणतात तसं 'सवय होते' हे खरं का. मी इथं वाचायला येते, लिहायला सहसा नाही, पण ते 'सवय होते' वाचलं आणि राहवलं नाही.

नाही होत सवय. पाठच धरते.

मी ५ फूट १०, कोल्हापूरची. आमच्याकडं ५ फूट १० पोरगी म्हणजे काय असतं ते तुमच्या मिसेसना विचारा, त्यांना माहीत असणार. 'मुलगी चांगलीय, पण' असं ऐकत मोठी झाले. एका बघण्याच्या कार्यक्रमात मुलाच्या आईनं मला चपला काढून भिंतीला टेकून उभं राहायला लावलं होतं, मुलगा शेजारी. मी दीड इंचानं जिंकले आणि पोहे खाऊन ते लोक गेले. पुढं ६ फूट १ चा नवरा मिळाला, प्रश्न मिटला असं सगळ्यांना वाटलं. पण सासरचा ओटा निघाला ३१ इंचांचा, कारण सासूबाई ४ फूट ११. तिथून माझी पाठ आणि या घराची मापं यांचं भांडण सुरू आहे, प्रॅम हा त्यातला मधला अंक.

झालं असं की बाळ झाल्यावर पुण्याहून नणंदेनं तिच्या दोन्ही पोरांना वापरलेली बाबागाडी पाठवली. धुऊन, पुसून, वर एक खुळखुळा बांधून. मनानं ती चांगलीच आहे, हे आधी सांगून ठेवते कारण पुढं मी काय लिहीन ते मलाच माहीत नाही. गाडी चांगली होती, चाकं गुळगुळीत, काही मोडलेलं नाही. सासूबाई आधी म्हणाल्या, "ही कसली थेरं, आम्ही काय पोरं कडंवर नाही वाढवली व्हय." आणि चौथ्या दिवसापासून त्याच गाडी घेऊन गल्लीतल्या मारुतीपर्यंत जायला लागल्या, ताठ, मान वर करून, मधेच थांबून दोघीतिघींना नात दाखवत. त्यांच्यासाठी ती गाडी मापात होती ना. अगदी माप घेऊन शिवल्यासारखी.

आणि मी. सिझर होऊन तीन महिने झाले होते, डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलेलं, म्हणून संध्याकाळी रंकाळ्यावर जायची. राजघाटापासून संध्यामठाच्या बाजूला निघायचं, बाळ झोपेपर्यंत चालायचं. हँडल माझ्या कमरेच्या खाली. ते धरायचं तर एक तर खांदे पाडून वाकायचं, नाहीतर हात सरळ ठेवून बोटांच्या टोकांनी गाडी ढकलायची, मग ती डावीकडं ओढायला लागली की मनगट वळतंय. त्यात माझी ढांग मोठी. मागच्या दोन चाकांच्या मधे ब्रेकचा आडवा दांडा असतो बघा, तो दर तिसऱ्या-चौथ्या पावलाला नडगीवर. डाव्या नडगीवर एक निळा डाग झाला होता, तो पंधरा दिवस गेलाच नाही कारण रोज त्याच जागी बसत होता. म्हणून पावलं लहान टाकायची. म्हणजे वाकलेली, बारकी बारकी पावलं टाकणारी बाई, बाजूनं कॉलेजची पोरं पळतायत, आणि मी कधीकाळी व्हॉलीबॉल खेळलेली. घरी आले की पाठ खाली टेकवताना डोळ्यांत पाणी यायचं.

नणंदेला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आमच्याकडं कुणाला काही झालं नाही बाई. तू जरा जास्तच उंच आहेस. वाकायची सवय लाव, होईल नीट." हे वाक्य मी विसरलेले नाही, तिलाही माहिताय मी विसरलेले नाही.

मग एका रात्री मी शिंप्याचा टेप काढला. तुम्हीही हेच करा, सगळ्या उत्तरात कामाचं एवढंच आहे असं समजा. बाहेर जाताना जी चप्पल-बूट घालता ते घालून सरळ उभं राहायचं, खांदे सैल सोडायचे, कोपर किंचित वाकवायचं आणि हातात काठी धरल्यासारखी मूठ करायची. जमिनीपासून मुठीपर्यंत माप घ्यायचं. तुमचं हँडल तिथं पाहिजे. कोपराच्या थोडंसंच खाली येतं ते. माझं आलं ४१ इंच. गाडीचं हँडल ३७. चार इंच! सवय लावायला सांगत होते ती या चार इंचांची, रोज एक तास, सिझरला जेमतेम तीन महिने झालेले असताना. तुमचं माप माझ्यापेक्षा दोनेक इंच वर येईल, मिसेसचं माझ्याएवढंच.

नवरा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, त्याला प्रत्येक गोष्टीत मशीन दिसतं. तो म्हणाला चार इंचच ना, वाढवू की. कोल्हापूरच्या माणसाला नवीन वस्तू विकत घेण्याआधी उद्यमनगर आठवतं, त्याला काय करणार. जिथं एवढी वर्षं शेतीची ऑइल इंजिनं बनली तिथं बाबागाडीचं हँडल म्हणजे काय. त्याच्या ओळखीच्या एका वर्कशॉपमधून दोन पाइप, यू क्लॅम्प, वर आडवा पाइप आणि त्यावर सायकलच्या काळ्या ग्रिपा, असं करून आणलं. दिसायला भयंकर. पण चालवायला, शप्पथ सांगते, पहिल्या संध्याकाळी मी रंकाळ्यावर ताठ चालले आणि नडगीला काही लागलं नाही, कारण पाइप जरा मागं झुकवून लावल्यानं मी गाडीपासून लांब गेले. तेव्हा कळलं की उंच माणसाला हँडल वर असून भागत नाही, पायाला जागापण लागते.

आठवडाभर मी राणी होते. मग एक दिवस गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबले, समोर म्हशीची धार काढून देतात तिथं, दोन लिटरची किटली भरून घेतली आणि अडकवली हँडलला. तेवढ्यात बाळ रडायला लागलं. मी पट्टा सोडून तिला उचललं, आणि गाडी सावकाश, अगदी सन्मानानं, मागं कलंडली. किटलीचं झाकण गडगडत नालीपर्यंत, दूध रस्त्यावर, एक कुत्रं कुठून आलं माहीत नाही पण आलं. नवऱ्यानं रात्री कागदावर काढून दाखवलं: हँडल मागच्या चाकांच्या मागं असतं, तिथं वजन टांगलं की गाडी मागं पडायला बघते, पुढं बाळाचं वजन असतं म्हणून तोल राहतो. बाळ उचललं की तोल गेला. आणि आपण दांडा लांबवला म्हणजे पहार लांब केली, तेवढंच वजन जास्त जोर करतं. मी म्हटलं हे कागदावर आधी काढायचं होतंस.

बाळ हातात होतं म्हणून आज हसून लिहितेय. पाइप दुसऱ्या दिवशी काढले.

तर मग नवीन घेतली. राजारामपुरीत दोन दुकानं, शाहूपुरीत एक, टेप पर्समधे. एक दुकानदार म्हणाला, "ताई, सगळ्या सारख्याच असतात." मोजून दाखवल्या, ३७ पासून ४३ पर्यंत होत्या. मग म्हणाला, "ही घ्या, हिचं हँडल ॲडजस्टेबल." बघितलं तर ते नुसतं पुढून मागं पलटी होणारं, म्हणजे बाळाचं तोंड तुमच्याकडं करायला. उंची तीच राहते, शिवाय पुढची फिरती चाकं तुमच्या पायाकडं येतात. हे ॲडजस्टेबल नव्हे. दुसरा प्रकार, बटण दाबून हँडल कोनात वरखाली होणारं. हे बरं, पण सगळ्यात वरच्या खाचेत ठेवलं की ते तुमच्या पोटाकडं उभं राहतं आणि पाय पुन्हा दांड्यावर. तिसरा प्रकार ट्रॉली बॅगेच्या दांडीसारखं सरकून लांब होणारं. उंच माणसानं हे बघावं, वरही जातं आणि पायाला जागाही देतं. कंपनीचं असल्यानं बाकीची गाडी त्या हिशोबानं बनवलेली असते, उद्यमनगरसारखं नाही.

आणि छत्रीसारखी मिटणारी, दोन वेगवेगळ्या मुठी असलेली हलकी गाडी? ती कुणी प्रेमानं दिली तरी घेऊ नका. नवरा तिचं कौतुक सांगत बसतो, की ओवेन मॅक्लारेन नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरनं, ज्यानं स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेलं, त्यानं १९६५ मधे ॲल्युमिनियमची केली, तीनेक किलोची. असेल. विमानात चढवायला उत्तम. पण असल्या बहुतेक गाड्यांच्या मुठींची उंची वाढवता येत नाही, आणि दोन मुठी म्हणजे एका हातानं ढकलता येत नाही, दुसऱ्या हातात छत्री असेल तर संपलंच. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहीत नसेल तर सोडून द्या.

दुकानात नुसती ढकलून बघू नका, तिथं सगळेच शहाण्यासारखं हळू चालतात. पाच किलोची तांदळाची पिशवी सोबत न्या, सीटवर ठेवा, आणि दाराबाहेर तुमच्या नेहमीच्या चालीनं वीस पावलं जा. नडगीला लागलं की परत. दुकानदार हसला तर हसू दे.

कंपनीचं नाव नाही सांगत, मॉडेलं बदलत राहतात. तुमची मूठ कुठं येते ते बदलत नाही.

आता राहिलेलं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर सीट पूर्ण आडवी होणारी हवी, ही गोष्ट हँडलपेक्षा महत्त्वाची आहे, मी खाली लिहिली ही माझी चूक. पट्टा खांद्यावरून येणारा, पाच टोकांचा. हँडलला काहीही टांगायचं नाही, खालच्या टोपलीत ठेवायचं. वेल्डिंग-बिल्डिंग करू नका, माझं ऐकून तर अजिबात नाही. आणि प्रॅम घ्यावीच का, तर तुम्ही शिवाजी पेठेसारख्या बोळात राहत असाल तर नका घेऊ, पैसे वाया, दुचाक्यांमधून गाडी काढता काढता बाळ शाळेत जाईल. जवळ बाग, कॅम्पस, तलाव असं काही असेल तर घ्या. आणि घरात आजी बुटकी असेल तर हँडल खालीही यायला पाहिजे हे बघा, नाहीतर तुमच्या मापाची गाडी तिच्या छातीवर येईल, आणि मग ती वाकायच्या ऐवजी टाचा उंच करून चालेल. आमच्या सासूबाईंनी नवीन गाडीला हात लावायच्या आधी दांडी खाली करून घेतली, "माझ्या नंबरवर कर" म्हणून. तेव्हा मी काही बोलले नाही, पण मला लई बरं वाटलं.

ओटा पण गेल्या वर्षी नवीन केला, ३६ चा, सासूबाईंसाठी खाली लाकडी पाट ठेवलाय. दिवाळीत नणंद आली होती, तिची मोठी मुलगी आता चौदाची, ५ फूट ८ झालीय आणि अजून थांबायचं नाव नाही. ओट्याशी उभी राहून कणीक मळत होती. म्हणाली, "मामी, तुमच्याकडं कणीक मळताना पाठ दुखत नाही, आमच्याकडं दुखते." नणंद शेजारीच फराळाचे डबे लावत होती. तिनं पोरीकडं बघितलं, मग ओट्याकडं बघितलं, आणि मला विचारलं, किती इंच केलाय गं हा.

३७ इंची बाबागाडी अजून आमच्या माळ्यावर आहे, खुळखुळ्यासकट. घरात सगळे साडेपाच फुटांच्या आतले असतील तर कुणी घेऊन जा, फुकट देते.