फाइलीच्या नावातील मोकळी जागा आणि शेल स्क्रिप्ट

प्रश्न : ग्रंथालयातील जुन्या अंकांच्या स्कॅन केलेल्या फाइली आम्ही शेल स्क्रिप्टने रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर कॉपी करतो. ‘दिवाळी अंक’ अशा नावांच्या फाइली मात्र मागे राहतात आणि ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असा संदेश येतो. देवनागरी नावांमुळे हे होते का? सगळी नावे बदलावीत का?

उत्तर : नावे बदलू नका, दोष स्क्रिप्टमध्ये आहे. लिनक्समध्ये फाइलीच्या नावात स्लॅश आणि नल बाइट (शून्य मूल्याचा बाइट) एवढेच चालत नाही. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीमध्ये देवनागरी चिन्हाचे तीनही बाइट १२८ किंवा त्याहून मोठ्या मूल्याचे असल्यामुळे स्पेस किंवा तारांकनाशी त्यांची गल्लत होऊच शकत नाही.

व्हेरिएबल, म्हणजे फाइलीचे नाव साठवणारे चल, अवतरणचिन्हांविना लिहिले, की शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम) त्यातील मजकुराचे स्पेस, टॅब आणि नवी ओळ येईल तिथे तुकडे करतो. म्हणून सीपी या कॉपी करणाऱ्या आज्ञेला एका फाइलीऐवजी ‘दिवाळी’ आणि ‘अंक’ अशी दोन नावे मिळतात. कॉपी करताना एवढ्यावर निभावते. तीच चूक आरएम या फाइली पुसणाऱ्या आज्ञेच्या ओळीत असेल आणि ‘अंक’ नावाची वेगळी फाइल खरोखरच तिथे असेल, तर ती हकनाक पुसली जाईल, आणि हे मला फार गंभीर वाटते.

म्हणून डॉलर चिन्हासह प्रत्येक व्हेरिएबल दुहेरी अवतरणात लिहावे. एकेरी अवतरणात त्याचे मूल्य उलगडतच नाही. एलएस या फाइलींची यादी देणाऱ्या आज्ञेच्या आउटपुटवर फॉर लूप (एकेक नाव घेऊन तेच काम पुन्हा करणारी रचना) चालवू नये. लूपला टिंब, स्लॅश आणि तारांकन असा नमुना थेट द्यावा, कारण त्यातून आलेली नावे पुन्हा तोडली जात नाहीत आणि हायफनने सुरू होणारे नावही पर्याय समजले जात नाही. उपफोल्डरांसाठी फाइली शोधणाऱ्या फाइंडला ‘प्रिंट-झिरो’ आणि ती नावे पुढच्या आज्ञेला देणाऱ्या एक्सआर्ग्जला ‘झिरो’ हा पर्याय द्यावा, म्हणजे नावे नल बाइटने वेगळी होतात. पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकाच्या २०२४ च्या आवृत्तीत हे दोन्ही पर्याय अधिकृतपणे आले आहेत.

एवढे करूनही ‘दुसऱ्या’सारख्या नावाची फाइल सापडली नाही, तर ‘ऱ’ तपासा. तो युनिकोडमध्ये एका सांकेतांकाने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) मिळूनही. दिसायला सारखा, पण बाइट निराळे. नावे बदलणे योग्य ठरते ते केवळ इथे : कन्व्हएमव्ही ही फाइलींची नावे बदलणारी आज्ञा ‘एनएफसी’ (असे अक्षर एकाच सांकेतांकात आणणाऱ्या) पर्यायासह चालवावी. ती आधी फक्त होऊ घातलेले बदल दाखवते आणि ‘नोटेस्ट’ दिल्यावरच प्रत्यक्ष नावे बदलते.