ड्रम लेव्हल खोटं बोलते तेव्हा

प्रश्न : नंदेसरीतल्या एका कारखान्याच्या स्वतःच्या ३० मेगावॉटच्या वीजकेंद्रात मी कंट्रोल रूममधला डेस्क इंजिनिअर आहे. कंपनी ऑपरेटरांच्या प्रशिक्षणासाठी सिम्युलेटर घेतेय. शिफ्टमधले जुने लोक त्याला व्हिडिओ गेम म्हणतात. काका, घेताना काय तपासावं?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : जुन्यांना म्हणू द्या. मीही दांडिया बाजारातून रात्रपाळीला जाणाराच, आमची शिफ्टही हेच बोलली असती. विक्रेता तुम्हाला स्टार्ट-अप आणि सिंक्रोनायझिंग (जनरेटर ग्रिडला जोडणं) झोकात करून दाखवेल. त्यावर भुलू नका. त्याला म्हणा, लोड एकदम वाढव आणि ड्रम लेव्हल (बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी) दाखव.

वाफेची मागणी अचानक वाढली की ड्रममधला दाब पडतो, सोड्याची बाटली उघडल्यावर व्हावं तसं पाणी बुडबुड्यांनी फुगतं, आणि बॉयलरमधलं पाणी खरं तर घटत असताना लेव्हल वर चढते. नवखा फीड वॉटर, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी, कमी करतो. मग लेव्हल कोसळते नि बॉयलर ट्रिप, म्हणजे आपोआप बंद! थ्री-एलिमेंट कंट्रोल लेव्हलबरोबर वाफेचा आणि पाण्याचा प्रवाहही बघतो तो याचसाठी. ज्या सिम्युलेटरवर लेव्हल आधी चढत नाही, तो माणसाला उलटं शिकवील.

हे मी उगाच ताणत नाहीये. १९७९ साली अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रात दाब पडत होता आणि प्रेशरायझरची (अणुभट्टीतला दाब राखणाऱ्या टाकीची) लेव्हल चढत होती. ऑपरेटरांनी लेव्हल खरी मानली, आपत्कालीन पाणी कमी केलं, आणि अणुभट्टीचा गाभा अर्धवट वितळला. त्यांचं प्रशिक्षण सिम्युलेटरवर झालं होतं. पण चौकशी आयोगाला आढळलं, की दाब पडतोय आणि लेव्हल चढतेय हे एकाच वेळी त्या सिम्युलेटरला तेव्हा दाखवताच येत नव्हतं.

तेव्हा तुमच्या डीसीएसमधून (प्लांट चालवणाऱ्या संगणकीय नियंत्रण यंत्रणेतून) जुन्या ट्रिपचे ट्रेंड काढा आणि तीच घटना सिम्युलेटरवर घडवा. आकडे थोडे इकडे-तिकडे चालतील, दिशा चुकली तर परत पाठवा. लॉजिक तुमच्याच डीसीएसचं आहे की अंदाजाने बसवलंय, तेही विचारा. पुढे प्लांटमध्ये ट्रिप सेटिंग बदललं की इथेही बदलायला एक माणूस नेमा, नाहीतर दोन वर्षांत तो खरंच व्हिडिओ गेम होईल.

सराव घेताना मधेच फ्रीझ करा, ‘आता लेव्हल कुठे जाईल?’ विचारा, उत्तर आलं की पुढे चालवा. आणि ऐन ट्रिपच्या वेळी कुणाला तरी डेस्कचा फोन वाजवत ठेवायला सांगा; साहेबलोक नेमके तेव्हाच फोन करतात.

ड्रम लेव्हलची ही चाचणी खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता ती पास झाल्यावरच द्या.