एडमंटन ऑयलर्स दर सीझनला सुरुवातीलाच का आपटतात? चाहत्याने किती सामने धीर धरायचा?

तुम्ही लिहिलंय की एडमंटनला नवीन आहात, ऑफिसातल्या लोकांमुळे बर्फावरच्या हॉकीचा आणि इथल्या ऑयलर्स टीमचा नाद लागला, आणि आता महिनाभरातच तेच लोक ‘कोचला हाकला’ म्हणून बोंब मारतायत, तेव्हा आपण नेमकं काय करायचं. मी एरवी इथे नुसती वाचते. पण कोच हाकलायचा विषय काढलात म्हणून लिहायला बसले, कारण याच विषयावरून आमच्या घरात 2023 च्या दिवाळीपासून भांडण चालू आहे.

उत्तर हवं असेल तर थांबा, इतकंच आहे. किती, ते पुढे सांगते.

2023 चा ऑक्टोबर आठवा, म्हणजे तुम्ही नव्हता, पण कुणालाही विचारा. आपला हुकमी एक्का मॅकडेविड, त्याने आदल्या सीझनला 153 पॉइंट्स (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलला केलेली मदत मिळून) काढले होते, दुसरा एक्का ड्रायसाइटल जोरात होता, यंदा कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, आपलाच अशी गावभर हवा. आणि पहिल्याच सामन्यात व्हँकुव्हरने 8-1 असं धुतलं. एकट्या ब्रॉक बेसरने चार गोल ठोकले. लोक म्हणाले, होतं असं एखाद्या वेळी. मग तसंच होत राहिलं. मधे मॅकडेविडला दुखापत झाली. कॉमनवेल्थ स्टेडियमवर उघड्यावर कॅलगरीला 5-2 हरवलं तेव्हा वाटलं सुटलो, तर नंतर पुन्हा पाढे पंचावन्न.

9 नोव्हेंबरला सॅन होजेशी सामना होता. त्या दिवशी वसुबारस. सासूबाई भारतातून आल्या होत्या आणि त्यांचं म्हणणं, चकल्या विकतच्या आणायच्या असतील तर मी आलेच कशाला. सॅन होजेचा सामना आपल्याकडे रात्री उशिरा लागतो, त्यामुळे तळण आणि सामना एकदमच सुरू झाले. इथल्या घरांत कढई तापली की स्मोक अलार्म किंचाळतो हे तुम्हालाही एव्हाना कळलं असेल. म्हणून बाहेर शून्याखाली असताना स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी, मी स्वेटर आणि कानटोपी घालून सोऱ्या फिरवतेय, भाजणीचं पीठ गारठून घट्ट झालेलं, चकलीला काटा येतोय पण मधेच तुटतेय, सासूबाई झाऱ्या घेऊन उभ्या, आणि नवरा समोर सोफ्यावर.

सॅन होजे म्हणजे कोण, तर त्या सीझनचे पहिले अकरा सामने हरलेली टीम. त्यातही लागोपाठ दोन सामन्यांत दहा-दहा गोल खाल्लेले. अशा टीमकडून आपण 3-2 हरलो. हरलो ते हरलो, पण कसे हरलो ते बघा. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, बहुतेक वेळ त्यांच्याच टोकाला होता. त्यांचा गोली, म्हणजे गोलकीपर, ब्लॅकवुड एकामागून एक शॉट अडवत होता, आणि ते कधीतरी आपल्याकडे यायचे आणि गोल करून जायचे. सासूबाईंना हॉकीतलं काडीचं कळत नव्हतं. ऑफसाइड काय, आयसिंग काय, काही नाही. झाऱ्यावरचं तेल निथळवत त्या म्हणाल्या, “अरे, सगळा वेळ तर आपलीच पोरं त्यांच्या जाळ्यापाशी आहेत. मग गोल त्यांचे कसे होतात?”

नवरा म्हणाला, “आई, कोच नालायक आहे.”

मी म्हटलं, “यात कोचचा काय संबंध? गोली बघ ना.”

झालं. चकल्या संपल्या तरी हे संपेना. आणि त्याच रात्री त्याने रागाच्या भरात आमची जानेवारीतली तिकिटं विकायला टाकली. कुणाशी सामना होता? टोरंटोशी. एडमंटनमध्ये टोरंटोच्या सामन्याची तिकिटं म्हणजे काय चीज असते ते ऑफिसात विचारा. “हे प्लेऑफला जात नाहीत, आपण पैसे सोडवून घेऊ,” हे त्याचे शब्द. प्लेऑफ म्हणजे सीझननंतरची बाद फेरी. सकाळी उठून बघते तर विकलीही गेली होती. घेणारा त्याच्याच ऑफिसातला.

आता सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तेच तुमच्याही प्रश्नाचं आहे. या लीगमध्ये साधारण बरा गोली शंभरातले नव्वद शॉट अडवतो, चांगला असेल तर एक-दोन जास्त. आपला गोली जॅक कॅम्पबेल त्या सीझनला 0.873 वर होता, म्हणजे शंभरातले सत्त्याऐंशी. दुसरा गोली स्किनरही तेव्हा 0.900 च्या बराच खाली. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण सामन्यात तीस शॉट आले तर तो जवळपास एका गोलचा होतो. दर सामन्यात एक गोल! आणि इथले बरेच सामने एका गोलच्या फरकाने सुटतात की. त्यात आपल्याकडून मारलेले शॉट नेमके तेव्हाच आत जात नव्हते. तुमचे शॉट किती टक्के आत जातात आणि समोरचे किती टक्के अडतात, यांची बेरीज लीगभर मिळून शंभर येते. एखादी टीम काही दिवस 95-96 वर लोळते, एखादी 104 वर उडते, पण दोघी हळूहळू शंभराकडे सरकतात. भाजी पहिल्या दिवशी खारट झाली म्हणून कुणी स्वयंपाकघर पाडत नाही.

नवऱ्याला हे सगळं कळतं. इंजिनियर आहे, आकडे त्याला माझ्याहून जास्त समजतात. तरी कॅम्पबेलवर बोट ठेवायला तयार नाही. का, तर त्याने आदल्या वर्षी कॅम्पबेलच्या नावाची जर्सी घेतली होती. मॅकडेविडची तर सगळेच घालतात म्हणे, आपण वेगळी घेऊ. पाच वर्षांचा, अडीच कोटी डॉलरचा करार असलेला गोली कुठे जातोय! तो बेकर्सफिल्डला गेला, कनिष्ठ लीगमध्ये, आणि तोही सॅन होजेच्या सामन्याच्या आदल्याच दिवशी. पुढच्या उन्हाळ्यात करारच गुंडाळून त्याला मोकळं केलं. जर्सी कपाटात आहे. तिच्यामुळे बिचाऱ्या कोचवर, वुडक्रॉफ्टवर, सगळं खापर.

12 नोव्हेंबरला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, वुडक्रॉफ्टला काढलं. आदल्या रात्री सिएटलला 4-1 हरवून आले होते, तरी काढलं. घरात नवऱ्याने लक्ष्मीसमोर दिवा लावला आणि मला म्हणाला, बघ, सुटलो. नवा कोच क्रिस नोब्लॉक. मॅकडेविड पोरगा असताना ईरीच्या ज्युनियर टीममध्ये यानेच त्याला शिकवलेलं. सोबत बचाव शिकवायला सहायक कोच म्हणून पॉल कॉफी.

इथे नवऱ्याची गोष्ट संपते. त्याच्या मते नवा कोच आला आणि टीम जिंकायला लागली. पण दोन सामने जिंकून लगेच पुढे काय झालं हे तो कधीच सांगत नाही. टॅम्पात 6-4 हरले, फ्लोरिडात 5-3, कॅरोलायनात 6-3. तीन सामन्यांत सतरा गोल खाल्ले. जादूची कांडी असती तर तेव्हाच फिरली असती. पाच विजय, बारा पराभव आणि एक जादा वेळेतला पराभव, म्हणजे 5-12-1 अशी अवस्था होती, आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेतलं थँक्सगिव्हिंग. इथे एक ठोकताळा आहे, तुम्ही ऐकला असेल: थँक्सगिव्हिंगला ज्या टीम प्लेऑफच्या जागेत असतात त्यातल्या साधारण तीनचतुर्थांश शेवटपर्यंत टिकतात. त्या हिशोबाने आपण मेलेलोच होतो.

मग गोली अडवायला लागले. स्किनर सावरला, बदली गोली पिकार्डने मधले सामने सांभाळले, आणि आपले शॉटही आत जायला लागले. आधी आठ सामने ओळीने जिंकले. नंतर 21 डिसेंबरपासून 27 जानेवारीपर्यंत सोळा. सोळा! लीगचा विक्रम पिट्सबर्गचा 1992-93 चा सतरा सामन्यांचा आहे, तो एकाने हुकला. सीझन संपला 49-27-6 वर. लॉस एंजेलिस, व्हँकुव्हर, डॅलस अशी एकेक टीम घरी पाठवत फायनल गाठली, तिथे फ्लोरिडाविरुद्ध 0-3 वरून 3-3 केलं आणि सातवा सामना 2-1 ने गेला. हरलेल्या टीममधला असूनही प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू मॅकडेविड ठरला. कप नाही मिळाला ती वेगळी जखम, तिच्याबद्दल कुणी स्वतंत्र प्रश्न विचारला तरी मी उत्तर देणार नाही.

पुढच्या ऑक्टोबरला पुन्हा तेच. विनिपेगने आपल्याच घरात 6-0 मारलं, मग शिकागो, मग कॅलगरी, पहिले तिन्ही सामने गेले. गावात पुन्हा बोंब. तीच टीम पुन्हा फायनलला गेली आणि पुन्हा फ्लोरिडाकडूनच हरली.

तर दर वर्षी असं का होतं, हा तुमचा मूळ प्रश्न. एक कारण साधं आहे, जूनच्या अखेरपर्यंत खेळलेल्या टीमला उन्हाळाच मिळत नाही. बाकीचे एप्रिलपासून दुरुस्त्या करून घेतात, हे दुखरे खांदे घेऊन सप्टेंबरात कॅम्पला येतात. 2023 ला मात्र ते कारण नव्हतं, तेव्हा बचावाची नवी पद्धत बसवायला घेतली होती आणि पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. शिवाय आपल्या टीमचा सगळा पैसा गोल मारणाऱ्या पुढच्या लोकांवर, गोलीच्या जागी कायम जुगाड. हे माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

काय बघायचं ते सांगते. सुरुवातीचे वीस-पंचवीस सामने स्कोअरकडे बघून रक्त आटवू नका. पक कुठल्या टोकाला आहे ते बघा, धोकादायक शॉट कोण जास्त मारतंय ते बघा. आपण मारत असू आणि तरी हरत असू, तर थांबा. आपण आपल्याच निळ्या रेषेच्या आत कोंडले गेलो असू आणि गोलीच्या कृपेने जिंकत असू, तर खरी काळजी तेव्हा करा. ऑफिसातले लोक तेव्हा नाचत असतात.

आणि रागाच्या भरात बर्फावर जर्सी फेकू नका. 2014 च्या मार्चमध्ये आपल्या तेव्हाच्या स्टेडियमात, रेक्सॉल प्लेसमध्ये, कॅलगरीने 8-1 मारलं तेव्हा एकाने फेकली होती. आपला तेव्हाचा गोली स्क्रिव्हन्सने ती स्टिकने उचलून परत प्रेक्षकांत भिरकावली. त्या दिवसांत रागवायचा हक्क तरी होता म्हणा. 2006 च्या फायनलनंतर सलग दहा सीझन प्लेऑफचं तोंड दिसलं नाही, त्यातलाच तो आठवा.

आता थोडं नवऱ्याच्या बाजूनेही, नाहीतर तो म्हणेल एकतर्फी लिहिलं. नोब्लॉक शांत माणूस आहे आणि कॉफी आल्यावर बचावातली पोरं पक घेऊन मोकळेपणी पुढे निघायला लागली, हे खरं. 2019 ला सेंट लुइसने कप जिंकला तो 3 जानेवारीला अख्ख्या लीगमध्ये शेवटच्या नंबरवर असताना, आणि त्यांनीही नोव्हेंबरात कोच बदलला होता. हे उदाहरण तो दर वेळी तोंडावर फेकतो. त्याला माझं एकच उत्तर: त्याच जानेवारीत त्यांनी बिनिंग्टन नावाचा नवा गोली जाळ्यात उभा केला. तो काय कोचने पेढ्यासोबत आणला होता?

आणि हेही सांगायला हवं, प्रत्येक हळू सुरुवात गोड होत नाही. बफेलोवाले 2011 नंतर सलग चौदा सीझन प्लेऑफविना राहिले. तेही दर नोव्हेंबरला ‘थांबा’च म्हणत असणार. आपल्याकडे मॅकडेविड आहे म्हणून मी इतक्या ठणकावून बोलतेय. तुम्ही उद्या दुसऱ्या गावाला बदली होऊन गेलात तर हे उत्तर तिथे नेऊ नका.

शेवटी तिकिटांचं. सप्टेंबरात घेऊ नका, तेव्हा सगळ्यांना कप दिसत असतो. टीम आपटायला लागली की लोक चिडून विकायला काढतात, तेव्हा जानेवारीची बघून ठेवा. आमची ज्याने घेतली त्याने तेच केलं. टोरंटोचा तो सामना आपण 4-2 जिंकलो, सोळातलाच एक. नवरा अजून म्हणतो, त्या आठवड्यात उणे चाळीसची थंडी होती, नाहीतरी कोण गेलं असतं. मी गेले असते. त्या माणसाने आमच्या जागांवरून बायकोसोबत काढलेला फोटो पाठवला होता. नवऱ्याने तो लगेच पुसून टाकला, पण त्याआधी मी माझ्या फोनवर घेतला होता, आणि आता तिकिटांचं अ‍ॅपही माझ्याच फोनवर आहे.