दिव्याखाली सापडलेला तपकिरी भुंगेरा हुमणीचाच आहे का?

ताई, तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. कराडजवळ उसाच्या रानाला लागून तुमचं घर. वळवाचा मोठा पाऊस झाला त्या रात्री अंगणातल्या दिव्याखाली तपकिरी भुंगेऱ्यांचा सडा पडला, त्यातल्या एकाचा वरून, फ्लॅश मारून काढलेला फोटो तुम्ही दिलाय आणि नेमकी जात विचारली आहे. मोबाइलमधल्या अ‍ॅपने तीनदा तीन नावं दिली, शेजारचे काका मात्र हुमणीवर, म्हणजे ज्याची अळी पिकाची मुळं खाते त्या भुंगेऱ्यावर, ठाम आहेत. शिवाय उकिरड्यातलं शेणखत उपसताना जाड पांढऱ्या अळ्या निघाल्या, त्यांच्यावर औषध टाकायचं का, हेही विचारलंय.

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. भुंगेरा हुमणीवर्गातला असण्याची शक्यता बरीच आहे, म्हणजे काकांचं म्हणणं दुर्लक्ष करण्यासारखं नाही. पण या एका फोटोवरून जात सांगता येत नाही, आणि कुणी छातीठोकपणे सांगितली तरी धरून चालू नका. खतातल्या अळ्या कदाचित अगदी वेगळ्या भुंगेऱ्याच्या असतील. त्या ओळखायला फोटोही लागत नाही, शेवटी सांगते ती चाचणी करून बघा. तोवर खतावर काहीही ओतू नका.

आता तुमचा फोटो मोठा करून डोक्यापाशी बघा. डाव्या स्पर्शिकेचं टोक जाडसर दिसतंय. तिथे बारीक पाती एकावर एक मिटलेली आहेत. भुंगेरा हुशारीत आला की ती पंख्यासारखी उलगडतात आणि त्यांनी तो वास घेतो. अशी मिटणारी पाती दिसली की स्कॅरॅबिडी हे कुळ जवळजवळ पक्कं. या कुळात शेणकिडे येतात, नारळावरचा गेंड्या भुंगा येतो, दिवसा फुलांवर फिरणारे चकचकीत भुंगेरे येतात आणि हुमणीही येते. तुमच्या भुंगेऱ्याच्या डोक्यावर शिंग नाही, रंग मातकट आहे, पाठीवरचे कडक पंख पोटाच्या टोकाच्या जरा अलीकडेच संपतात आणि तो रात्री दिव्यावर आलाय. एवढ्यावरून दोन उपकुळं उरतात. एक मेलोलॉन्थिनी, ज्यात होलोट्रिकिया आणि ल्युकोफोलिस या हुमण्या येतात. दुसरं रुटेलिनी, ज्यात अ‍ॅनोमाला येतो.

या दोघांतला फरक पायाच्या अगदी टोकाला सापडतो. मागच्या पायाच्या शेवटी दोन नख्या असतात. मेलोलॉन्थिनीत त्या बहुधा सारख्या असतात, रुटेलिनीत एक मोठी आणि एक उघडच लहान. तुमच्या फोटोत मागचे दोन्ही पाय पोटाखाली गेलेत, त्यामुळे इथून पुढे मला जाता येत नाही.

समजा नख्या दिसल्या आणि सारख्या निघाल्या. मग पाठ बघायची. अंगभर बारीक पांढुरके खवले असतील तर ल्युकोफोलिस लेपिडोफोराकडे बोट दाखवता येतं. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या नदीकाठच्या उसात ही हुमणी ठाऊक असलेली आहे. खवले नसतील आणि मंद तपकिरी, साधारण दोन सेंटिमीटरचा भुंगेरा असेल तर होलोट्रिकिया सेराटाचा विचार करायचा. पण होलोट्रिकियाच्या एकमेकींशी मिळत्याजुळत्या जाती वेगळ्या करायला नराचं जननांग काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. कितीही स्वच्छ फोटो असला तरी ते त्यात येत नाही.

त्यात आणखी एक अडचण आहे, आणि ती या गटापुरती खरी आहे. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ गिल्बर्ट अ‍ॅरो यांनी 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालिकेत १९१०, १९१७ आणि १९३१ साली या कुळावर खंड लिहिले. गेंड्या भुंग्याचा गट, फुलांवरचे भुंगेरे, रुटेलिनी, शेणकिडे असे एकेक गट त्यांनी हातावेगळे केले. जुने झाले तरी आजही आम्ही तेच उघडून बसतो. मेलोलॉन्थिनी मात्र त्यांत नाहीत. ज्या गटाने शेतकऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, नेमकी त्याचीच माहिती सुट्या शोधनिबंधांत विखुरलेली राहिली. म्हणून 'तपकिरी भुंगेरा, जात सांगा' असं विचारलं की जाणकारही उपकुळापाशी किंवा प्रजातीपाशी, म्हणजे जातीच्या वरच्या पायरीपाशी, थांबतात. ते टाळाटाळ करत नाहीत. जेवढं दिसतं तेवढंच सांगतात, आणि तेवढं बरोबर सांगितलेलं नाव शेतात जास्त उपयोगी पडतं.

अ‍ॅपचं म्हणाल तर ते नखी मोजत नाही की पाती मोजत नाही. तुमचं चित्र त्याला शिकवलेल्या चित्रांपैकी कशासारखं दिसतं एवढंच ते बघतं. तुम्हाला आलेलं पहिलं नाव फिलोफागा. हा मुख्यतः अमेरिका खंडांतला गट आहे. तिकडचे फोटो भरपूर, म्हणून फरशीवरचा कुठलाही तपकिरी भुंगेरा त्याला तसाच वाटतो. अ‍ॅप वापरू नका असं मी म्हणणार नाही, मीही वापरते. पण त्यातून कुळाचा अंदाज घ्यायचा आणि पुढचं आपण तपासायचं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नावापुढे 'रिसर्च ग्रेड' असा शिक्का दिसला तरी लक्षात ठेवा, दोन जणांचं एकमत झालं की तो बसू शकतो. ते दोघं कोण आहेत आणि नाव कशावरून दिलंय हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

काही किडे फोटोवरून एका नजरेत ओळखता येतात, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही फोटो काढणंच सोडाल. बांधावर काळाभोर, मोठा, सहा पांढऱ्या ठिपक्यांचा भुंगेरा पळताना दिसला, दोन ठिपके छातीवर आणि चार पंखांवर, तर तो अँथिया सेक्सगुट्टाटा. त्याला हातात घेऊ नका, मागून आम्लाची पिचकारी मारतो. त्याच्यासारखंच दिसणारं एक झुरळ दक्षिण भारतात आहे, थेरिया पेटिव्हेरियाना. तेही काळं आणि पांढऱ्या ठिपक्यांचं, पण ठिपके सात, आणि पंख एकावर एक चढलेले. भुंगेऱ्याचे कडक पंख पाठीच्या मधोमध एका सरळ रेघेत भिडतात. ही रेघ आधी शोधायची. ती नसेल तर बहुतेक वेळा तुम्ही ढेकणाच्या किंवा झुरळाच्या गटात आहात. हिरवा-निळा चकाकणारा 'भुंगेरा' म्हणून जे फोटो येतात त्यातले कित्येक रत्नासारखे चकाकणारे ढेकूण निघतात, कारण त्यांची पाठ एकाच अखंड ढालीने झाकलेली असते. आणि मृगाचा लाल मखमली किडा तर कीटकच नाही. पाय मोजा, आठ भरतील.

परसबागेतलं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे चुकीच्या नावाने मित्रच मारला जातो. वांग्यावर दोन प्रकारचे ठिपकेदार, अर्धगोल भुंगेरे येतात. एक ढालकिडा, जो मावा खातो. दुसरा हड्डा भुंगेरा, जो पान खरवडून त्याची जाळी करतो. ठिपके मोजत बसू नका. ढालकिड्याच्या एकाच जातीत नक्षी इतकी बदलते की मोजून काही हाती लागत नाही. फोटोत पाठीवर प्रकाश कसा पडलाय ते बघा. ढालकिड्याची पाठ गुळगुळीत, म्हणून उजेडाचा ठिपका धारदार आणि पांढरा दिसतो. हड्ड्याच्या पाठीवर बारीक लव असते, उजेड पसरून मंद होतो. तुमचा फोटो जरा हललेला असला तरी एवढं कळतं.

रंगावर मात्र भिस्त ठेवू नका. बाभळीवरचा सोनकिडा एका कोनातून हिरवा, दुसऱ्यातून तांबूस दिसतो, कारण तो रंग पंखांच्या रचनेतून येतो. रताळ्याच्या किंवा बेशरमीच्या पानावरचा सोनेरी कासव-भुंगेरा मेला की त्याचं सोनं थोड्याच दिवसांत उतरतं आणि फिकट तपकिरी किडा उरतो. आंब्याचं खोड पोखरणारा भिरूड जिवंत असताना त्याच्या छातीवर दोन लालसर-नारिंगी डाग असतात, मेलेल्या नमुन्यात ते फिके पडलेले दिसतात. रात्रीच्या फ्लॅशमध्ये तर सगळेच तपकिरी. म्हणून फोटोसोबत किडा जिवंत होता की मेलेला, एवढं एक वाक्य जरूर लिहा.

तर आता तुम्ही पुन्हा फोटो काढा. रात्री एखादा भुंगेरा पारदर्शक डबीत, झाकणाला भोकं पाडून ठेवा. सकाळी गारव्यात तो सुस्त असतो. सावलीतल्या उजेडात, पांढऱ्या वाटीत किंवा कागदावर ठेवा, फ्लॅश बंद. मोबाइल अगदी जवळ नेऊ नका, जवळ गेलं की फोकस सुटतो. वीतभर अंतर ठेवून दुप्पट झूम करा, नंतर कापा. वरून एक, बाजूने एक, समोरून डोक्याचा एक. मग त्याला उताणा करा. उताणा झाला की तो उलटण्यासाठी पाय हवेत ताणतो, त्याच क्षणी नख्या फाकतात. तिथे चार-पाच फोटो पटापट घ्या, त्यातला एक मिळाला तरी पुरे. पोटाखालची बाजू लोक कधीच काढत नाहीत आणि कितीतरी वेळा सगळं तिथेच असतं. बऱ्याच काजव्यांत नर-मादी पाठीवरून कळत नाहीत, पोटाखाली प्रकाशाचे खंड मोजले की कळतात: नराला दोन, मादीला एक.

शेजारी मोजपट्टी ठेवा. रुपयाचं नाणं नको, त्याचा आकार मालिकेगणिक बदलत गेलाय. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवून देऊ नका, तिथे तो दाबला जातो आणि तारीख-ठिकाणाची नोंदही निघून जाते. मूळ फाइल द्या. सोबत गाव, तारीख, वेळ आणि किडा कुठे बसला होता ते लिहा. माझ्यासाठी 'कडुनिंबाची पानं खात होता' हे एक वाक्य आणखी एका फोटोइतकं मोलाचं आहे.

दिव्याखालचे किडे गोळा करताना एक सांभाळा. काळा-नारिंगी, मुंगीसारखा लांबट, निळसर आखूड पंखांचा बारका किडा दिसला तर तो पेडेरस. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला तर त्याच्या रसाने कातडीवर भाजल्यासारखे चट्टे उठतात. फुंकर मारून उडवा. चिरडलाच तर लगेच साबणाने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका.

आता खतातल्या अळ्या. दहा-बारा अळ्या वेचून सपाट फरशीवर सोडा आणि थोडा वेळ नुसतं बघा. जी अळी उताणी होऊन, पाय वर करून, पाठीवर सरपटत जाते ती फुलांवरच्या भुंगेऱ्यांची. पाय असूनही ती पाठीवरच चालते, ही या गटाची खूण आहे. ती कुजलेलं खाते, उसाच्या मुळांना लागत नाही, आणि खत भुसभुशीत करायला तिची मदतच होते. तिला खतात परत टाका. अळी बोटाएवढी जाड आणि फार मोठी असेल आणि आसपास नारळ असतील तर गेंड्या भुंग्याची शंका घ्या. तशा अळ्या वेचून नष्ट करणंच बरं. ज्या अळ्या इंग्रजी सी अक्षरासारख्या वळून कुशीवर पडून राहतात, किंवा पाय टेकून पुढे सरकतात, त्या हुमणीच्या असू शकतात. त्यांच्या शेवटच्या खंडाच्या खालच्या बाजूचा जवळून फोटो घ्या. तिथे बारीक केसांची एक ठरावीक मांडणी असते, अळीची ओळख त्यावरून लागते. एकाच खतात दोन-तीन प्रकार एकत्र निघतात, म्हणून एका अळीवरून सगळ्या ढिगाचा निकाल लावू नका.

आणि भुंगेऱ्यांसाठी आजच संध्याकाळी अंधार पडता पडता टॉर्च घेऊन बांधावरच्या कडुनिंबाखाली आणि बाभळीखाली जा. होलोट्रिकियाचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर जमिनीतून निघून याच झाडांवर पाला खायला आणि मिलनाला जमतात. फांदी हलवली की खाली पडतात. पडले तर काकांचं बरोबर समजा, आणि आसपासच्या चार शेतकऱ्यांना सोबत घेऊन ते गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. अंडी घालण्याआधीचे हेच दिवस हातात असतात, होलोट्रिकिया सेराटाची वर्षाला एकच पिढी होते. त्यातले पाच-सहा भुंगेरे मात्र वेगळे काढा, स्पिरिटच्या बाटलीत ठेवा, आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका: गाव, तारीख, झाड. ती बाटली जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या कीटकशास्त्रज्ञांकडे द्या. त्यात एखादा नर असला तर तुम्ही विचारलेलं जातीचं नाव तिथे मिळेल.