नुसत्या हौसेसाठी .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर घेता येईल का? (परभणी)

नाही. शस्त्रपरवाना मागताना कारण द्यावं लागतं, ते म्हणजे स्वसंरक्षण, पीकरक्षण किंवा नेमबाजीचा खेळ. ‘हौस’ हे कारण चालत नाही. परभणीत अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. आधी पोलीस चौकशी होते, आणि बीडच्या सरपंच संतोष देशमुख खून प्रकरणानंतर मराठवाड्यात हे परवाने फार बारकाईनं बघतात. परवाना मिळालाच तरी सर्वसामान्य माणसाच्या हाती येतं ते बहुतेक कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर (हा आकडा साधारण नळीच्या व्यासाचा, इंचात). .४४ मॅग्नम १९५० च्या दशकात अमेरिकेत आलं. त्याचा झटका मनगट वर फेकतो, नवख्याचा दुसरा नेम लागतच नाही.

मनापासून सांगतो, आमच्याकडे एका वरातीत हवेत झाडलेली गोळी शेजारच्या पत्र्यातून आरपार गेली. खाली बाजेवर लेकरू झोपलेलं होतं, वाचलं. ते भोक मी अजून बघतो. अशा गोळीबाराला शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

नेमाचीच गोडी असेल तर .१७७ ची एअर पिस्तूल घ्या. ठरलेल्या ताकदीपर्यंत तिला परवाना लागत नाही. जवळच्या रेंजवर प्रशिक्षकाकडून शिका, दहा मीटरवरच्या कागदावर रोज तासभर मारा.